दिवेघाटातला धूर

15 ऑगस्टला सकाळी सहाला हडपसरला पेट्रोल पंपापाशी जमायचं, असं ठरलं होतं. सव्वासात वाजले तेव्हा बारापैकी सात गाड्या आल्या होत्या आणि त्यांतल्या तीन ढकलत आणलेल्या होत्या. ‘सकाळी सकाळी इंजिनाला त्रास कशाला,’ असं ढकलणारे घाम पुसत सांगत होते.

जुन्या मोटरसायकली पाळणाऱ्या पुणेकरांच्या मंडळाची ही सुट्टीतली सफर. हडपसर, दिवेघाट, सासवड, जेजुरी. एकूण चाळीसेक किलोमीटर. आजकालची स्कूटर हे अंतर तासाभरात कापते. मंडळाने अख्खा दिवस राखून ठेवला होता आणि मागून येण्यासाठी एक ‘छोटा हत्ती’ टेम्पो भाड्याने घेतला होता. टेम्पोत दोरखंड, ऑइलचे डबे, प्लग, स्पोक आणि पोह्यांचं पातेलं. कोणालाही विचारलं तरी टेम्पो पोह्यांसाठीच होता.

या मंडळात माणसांना नावं नसतात, मॉडेलं असतात. ‘68ची जावा बिनसाखरेचा घेणार,’ असं चहावाल्याला सांगितलं, की एक निवृत्त बँक अधिकारी हात वर करतात. ‘बॉबी’ अशी हाक आली की दातांचे एक डॉक्टर वळून पाहतात. 1973च्या त्या सिनेमात ऋषी कपूरने चालवलेली बुटकी राजदूत त्यांच्याकडे आहे, आणि सहा फूट उंचीमुळे ते तिच्यावर बसले की गुडघे हँडलच्या वर दिसतात.

जावाचा मान मोठा. यानेचेक नावाच्या झेक कारखानदाराने 1929मध्ये ‘वाँडरर’ कंपनीच्या मोटरसायकलीचे हक्क घेतले आणि दोन्ही नावांची पहिली रोमन अक्षरं, Ja आणि Wa, जोडली: जा-वा. 1961पासून म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीत ती बनू लागली, 1973मध्ये तिची येझदी झाली आणि 1996मध्ये कारखानाच बंद पडला. तेव्हापासून जावावाल्यांचे रविवार आणि बुधवार पुण्याच्या जुन्या बाजारात सुटे भाग शोधण्यात जातात. हिची किक आणि गिअर हा एकच दांडा. आत दाबून फिरवला की किक, पुढे पाडला की गिअर. सिलिंडर एक, सायलेन्सर दोन. नवरा एक कमावणारा आणि खर्चाची तोंडं दोन, अशी ही रचना. शिवाय ही टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्ये लिटरला 40 मिलि ऑइल. बँक अधिकारी ते खोकल्याच्या औषधाच्या मापाने मोजून घालत होते.

बुलेटवाल्यांना हे सगळं पोरकट वाटतं. त्यांची गाडी फोर-स्ट्रोक, गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. तिला आधी अँपिअरचा काटा मधोमध आणून, डीकॉम्प्रेशनचा खटका दाबून प्रसन्न करावं लागतं. घाई केली की ती उलट लाथ मारते. तिच्या मालकाची नडगी पाहून गाडी किती वर्षं त्यांच्याकडे आहे ते सांगता येतं.

अखेर आठला ताफा निघाला. दिवेघाटाच्या पायथ्याला वडकीजवळचा मस्तानी तलाव पावसाने भरला होता आणि डोंगर हिरवेगार झाले होते; पण पहिल्या तीन जावा वर गेल्यावर मागच्यांना त्यातलं काहीच दिसलं नाही. धुराच्या त्या ढगात एक बस थांबली. धुकं पडलंय असं समजून प्रवासी खाली उतरले आणि त्यांनी सेल्फी काढले.

घाटमाथ्यावर 68ची जावा बंद पडली.

आता सफरीला रंग चढला. अकरा गाड्या आनंदाने थांबल्या, कारण बंद पडलेल्या गाडीभोवती उभं राहणं हाच या छंदाचा गाभा आहे. एक म्हणाला प्लग, दुसरा म्हणाला कार्बोरेटर, बुलेटवाले म्हणाले जावा. प्लगची काजळी काढली, कार्बोरेटरची टिकली दाबून पेट्रोल वर आणलं, पोहे संपवले. जावा गप्पच.

तेवढ्यात दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या लावलेली, हेडलाइट नसलेली, मूळ रंग कोणता हे कळू न देणारी एक राजदूत फटफट करत आली. धोतरटोपीतले आबा खाली न उतरताच म्हणाले, “काय झालं, पाव्हणं?”

“आबा, ही विंटेज आहे,” बॉबी समजावू लागले.

“आसंल. पॉइंट बघितलं का?”

कोणी बघितले नव्हते. आबांनी पॉइंटवरची टोपी काढायला लावली, काडेपेटीचा पुठ्ठा फाडून फटीत धरला, स्क्रू अर्धा फिरवला. पहिल्याच किकला जावा सुरू झाली. मंडळाने टाळ्या वाजवल्या, सभासद होण्याची विनंती केली.

“सभासद हून काय करायचं आस्तंय?”

“सुट्टीच्या दिवशी गाडी बाहेर काढायची.”

“आन् दुधाला कोन जानार?” असं म्हणून आबा निघून गेले.

पुढे सासवडला अत्र्यांच्या आत्मचरित्राला नाव देणारी कऱ्हा ओलांडली आणि पुलापलीकडे बॉबीची चेन तुटली. जोडायची कडी टेम्पोत होती, पण टेम्पोच तोवर मागे पंक्चर होऊन बसला होता.

दुपारी तीनला जेजुरी आली. अकरा गाड्या चालत आल्या, बॉबी टेम्पोतून. खाली उतरवून डॉक्टरांनी सवयीने किक मारली, तर ती पहिल्या किकला सुरू झाली. फक्त चेन नसल्यामुळे जागची हलली नाही.