बुडालेल्या गाडीचे व्रत

हे व्रत आषाढ-श्रावणात, शक्यतो नदीकाठच्या सोसायटीत घडते. पुण्यात २५ जुलै २०२४ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत ते सामुदायिक झाले. खडकवासला धरणातून पाणी सुटले आणि मुठामाई थेट पार्किंगमध्ये आली.

पाणी ओसरल्यावर खाली जावे. गाडी लावली तिथेच असेल असे धरून चालू नये. छोटी गाडी फूट-दीड फूट पाण्यातही तरंगू लागते. आपल्या जागेवर शेजाऱ्याची गाडी सापडली, तर भांडण पुढे ढकलावे.

आता मुख्य विधी. चावी हातात धरायची आणि फिरवायची नाही. बस्स, एवढेच. पण तोवर तिसऱ्या मजल्यावरचे काका खाली आलेले असतात. जन्मभर स्कूटरच चालवली असली तरी ते म्हणणारच, “अहो, एकदा सेल्फ मारून तर बघा!” काकांना नमस्कार करावा, वर चहाला बोलवावे, सेल्फ मारू नये. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरात पाणी असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी इंजिनच फोडतो. शिवाय पॉलिसीला ‘इंजिन प्रोटेक्ट’ जोडलेले नसेल, तर विमा कंपनी म्हणते, हे पुराने नाही, तुम्ही केले. धक्का मारायला हौसेने जमलेल्या पोरांनाही हेच सांगावे आणि तेवढ्याच हौसेने परत पाठवावे.

रिकामे हात शिवशिवतातच. त्यांनी फोटो काढावेत. दारावरची पाण्याची रेघ नीट दिसली पाहिजे, म्हणून गाडी लगेच धुऊ नये. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. विमा कंपनीला कळवावे आणि गाडी उचलून नेणारा ट्रक मागवावा. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल, तर नारिंगी वायरींपासून चार हात लांब राहावे.

यथावकाश सर्व्हेअर प्रकट होतो. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या किमतीच्या, ७५ टक्क्यांपुढे गेला, की गाडी ‘टोटल लॉस’. गॅरेजवाल्याने खर्च आणखी वाढवून सांगावा म्हणून मध्यमवर्गीय माणूस देव पाण्यात घालून बसतो, तो आयुष्यात एवढ्या एकाच वेळी.

आणि दिवाळीच्या सुमारास ‘एकहाती, डॉक्टरांची गाडी, किंमत फारच कमी’ अशी जाहिरात दिसली, तर जाऊन आधी सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. टोकाला गाळ दिसला, तर डॉक्टरांना नमस्कार सांगून घरी या.