आईच्या रेंजमध्ये

(पडदा उघडतो. रंगमंचावर एक खुर्ची, एक चाकांची बॅग. साठीच्या बाई लगबगीनं येतात. सलवार-कुडता, पायात पांढरेशुभ्र स्पोर्ट्‌स शूज, कपाळाला टिकली. खांद्यावरून आडवी घातलेली पर्स दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट धरलेली.)

सरका, जरा पुढं सरका. बाल्कनीतले, तुम्हीसुद्धा. अहो, आवाजाचं नाही म्हणत मी. डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावरून भाजीवाल्याशी घासाघीस करते, तुमच्यापर्यंत सहज पोचेन. पण दहा-पंधरा मीटरच्या पलीकडं मी कुणाची जबाबदारी घेत नाही. मध्ये भिंत आली तर त्याच्याही निम्मं.

(पर्स थोपटत) कारण इथं असायचं ना! अख्ख्या घराचं इंटरनेट!

आता नाहीये. पण हात सुटत नाहीत बघा.

जपानला गेलो होतो. मी, आमचे हे, मुलगा, सूनबाई, नातू आणि वन्सं. वन्सं कशा आल्या हे विचारू नका, त्या येतात. आता परदेशात गेलं की माणसाला पहिली भूक कसली लागते? नेटची. रोमिंगचा पॅक घ्यायचा तर सहा जणांचे सहा. ते इ-सिम की काय म्हणतात, ते ह्यांच्या फोनला चालत नाही. ह्यांचा फोन रेल्वेच्या नोकरीत असतानाचा आहे. दोघं एकदमच निवृत्त व्हायचे होते, फोनला मुदतवाढ मिळाली.

मग सूनबाईनं शोधून काढलं, 'आई, तिथं पॉकेट वायफाय भाड्यानं मिळतो. एक डबी घेतली की सगळ्यांचं भागतं.' नरिता विमानतळावर उतरलो, काउंटरवर नाव सांगितलं. पलीकडच्या मुलीनं दोन्ही हातांनी एक झिपची थैली पुढं केली, कमरेत वाकली. आत तळहातावर मावेल एवढी काळी डबी, केबल, चार्जर, आणि परत पाठवायला पत्ता छापलेलं, पोस्टाचे पैसे भरलेलं पाकीट. जाताना पाकिटात घालायचं आणि पोस्टाच्या पेटीत टाकून द्यायचं. म्हणजे घेतानाच परतीची सोय. आपल्याकडं शेजारी वाडगं नेतात ना... जाऊ दे.

तर, डबी सांभाळायची कुणी? मुलगा म्हणाला, 'माझ्याकडं लॅपटॉप आहे.' सूनबाईकडं पासपोर्ट. नातवाकडं दिली तर ती संध्याकाळपर्यंत टोक्योच्या गटारात. आणि हे? हे प्रत्येक ठिकाणी 'पुढं काय आहे बघून येतो' म्हणून जाणारे. इंटरनेट पुढं आणि आम्ही मागं. राहिलं कोण? मी.

माझ्या सासूबाईंच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असायचा. लग्न झाल्यापासून माझा डोळा त्याच्यावर. मिळाला तो केव्हा? घरात एकाही कपाटाला कुलूप उरलं नव्हतं तेव्हा. मग आयुष्यभर नुसतीच सून, आणि नंतर नुसतीच सासू. खरी सत्ता हातात आली ती नरिता विमानतळावर, टर्मिनल एकमध्ये.

(खुर्चीत ऐसपैस बसतात.)

पहिला दरबार तिथंच भरला. डबीच्या पाठीवर पासवर्ड. अक्षरं मुंगीच्या पायाएवढी. मी चष्मा काढला, चष्मा घातला, डबी लांब धरली.

'हं, लिहा. कॅपिटल के. के फॉर कोल्हापूर. सात. बारीक क्यू.'

वन्सं म्हणाल्या, 'क्यू फॉर?'

क्यू फॉर काय सांगू? मी म्हटलं, 'क्यू फॉर रेशनची!'

'मग पुढं शून्य. नाही, थांबा, ओ आहे. ओ फॉर ओतूर.'

मुलगा म्हणतो, 'आई, शून्य की ओ?'

'बाबू, मी सांगेन ते धर.'

सगळ्यांनी शून्य घालून बघितलं, लागलं. तरी मला विचारूनच. यालाच वजन म्हणतात.

आणि काय सांगू तुम्हाला, त्या क्षणापासून आमचं घर प्रेमळ झालं. घरी हाक मारली की 'दोन मिनिटं' म्हणणारा मुलगा, तो माझ्या कोपराला चिकटून चालतोय. शिबुयाच्या त्या चौकात सिग्नल पडला की चारी बाजूंनी माणसं एकदम रस्त्यात उतरतात, सरळ, तिरकी, जशी वाट मिळेल तशी. तिथं सूनबाईनं माझा हात धरला! घट्ट! समोरून एक जपानी आजी येत होत्या. त्यांनी आमच्याकडं बघितलं, डोळे भरून आले हो त्यांचे. त्यांना काय माहीत, ही नकाशा बघतेय!

फक्त एक अडचण. मी स्वच्छतागृहात गेले की पर्स माझ्याबरोबर. मग बाहेर अख्खं कुटुंब जागच्या जागी थिजलेलं. आणि मी आत. आता जपानची संडासं म्हणजे... (हात जोडतात) भिंतीवर बटणांची पाटी. कुठलं बटण कशाचं, जपानी अक्षरांत. फोनचा कॅमेरा त्याच्यासमोर धरला की भाषांतर दिसतं. नेट माझ्याकडंच! बघते तर एक बटण नुसतं पाण्याचा आवाज काढायचं. पाणी नाही, नुसता आवाज! तिथल्या बायकांना आपला आवाज बाहेर गेलेला आवडत नाही, म्हणून त्या सारख्या पाणी सोडायच्या. पाणी वाचावं म्हणून हा आवाज. मी दाबलं, खळखळ सुरू. बाहेरून नातू दारावर, 'आजी, गेम अडकला!' मी आतून, 'थांब रे सोन्या, माझं भाषांतर चाललंय!'

आता ती डबी खाते फार. म्हणजे बॅटरी. सकाळी शंभर टक्के, दुपारी चारला लाल. सहा-सहा फोन चोवीस तास तिला लटकलेले, तिनं तरी किती पुरवायचं? घरोघरी असं एक माणूस असतंच. (स्वतःकडं बोट दाखवतात.) मग पॉवर बँक. ती पण माझ्याच पर्समध्ये. पॉवर बँकेत लिथियमची बॅटरी, म्हणून विमानात ती हातातल्या सामानात, मोठ्या बॅगेत चालत नाही. आणि रात्री हॉटेलात चार्जिंगला एकच जागा, त्यात दोन चपट्या फटी. आपल्या गोल पिना आत शिरेनात. ह्यांनी खिशातून एक प्लगच्या ठोकळ्यासारखं काहीतरी काढलं, 'लोहार चाळीतून घेतलंय.' बसलं! पण लावायचं काय? डबी की ह्यांचा फोन? मी म्हटलं, 'डबी.' हे म्हणाले, 'आणि मी?' मी म्हटलं, 'तुम्ही झोपा.'

(उठतात. आवाज खाली आणून.)

क्योटोला आभाळ कोसळलं. संध्याकाळी सगळ्यांचं नेट बसलं. बंद नाही, बसलं. फोटो उघडायला लागला की आधी छत दिसायचं, मग जेवण झालं की खांब. मुलानं कागद काढला. डबीवर 'अनलिमिटेड' लिहिलेलं होतं ना? पण बारीक अक्षरात: एका दिवसाला इतकं वापरलं की वेग सेकंदाला 128 किलोबिट. अनलिमिटेड म्हणजे थाळीसारखं. वाढणारा नाही म्हणत नाही, फक्त दिसेनासा होतो.

खाल्लं कुणी? चौकशी बसली. संशय सरळ वन्संवर. वन्सं रोज सकाळी सांगलीच्या वहिनींना व्हिडिओ कॉल लावायच्या. आपल्याहून जपान साडेतीन तास पुढं. वन्संचे सकाळचे आठ, तर सांगलीत पहाटेचे साडेचार. तिकडं वहिनी अंधारात, तोंडावर पांघरूण, आणि ह्या, 'बघितलंस का, सोन्याचं मंदिर!' वहिनी म्हणायच्या, 'बघितलं. ठेवा.' दोन मिनिटांत कॉल संपायचा. म्हणजे वन्सं निर्दोष.

सूनबाईनं मग एकेकाचा फोन उघडला. कुणी किती खाल्लं ते आत लिहिलेलं असतं. आणि निघाला कोण? तिचाच नवरा. म्हणजे माझा मुलगा. अहो, ह्यानं दिवसभर बुलेट ट्रेनचे व्हिडिओ काढलेले, मोठ्ठाले, आणि फोनला वाटलं, वायफाय मिळाला म्हणजे मालक घरी पोचले! लागला सगळं वरती ढगात चढवायला. डोंबिवलीतल्या घरची सवय क्योटोत लागू केली त्यानं.

मी मुलाला काही बोलले नाही. डबीचं बटण दाबलं, पासवर्ड बदलला आणि रात्री सगळ्यांना एका ओळीत उभं केलं.

'बाबू, तू शेवटी.'

सूनबाई इतकी हसली, इतकी हसली! आमच्या दोघींचं खरं जमलं ते तिथं.

पण खरी मजा पुढंच. शेवटच्या दिवशी टोक्यो, शिंजुकू स्टेशन. हे सेंट्रल रेल्वेत गार्ड. निवृत्त झाले आणि मग 2022 मध्ये रेल्वेनं गार्डाचं नाव 'ट्रेन मॅनेजर' केलं. अजून तो विषय काढला की ह्यांना घास गिळत नाही. तर शिंजुकू! कोविडच्या आधी तिथून रोज पस्तीसेक लाख माणसं जायची. मुंबईच्या सगळ्या लोकल मिळून पंचाहत्तर लाखांच्या आसपास. म्हणजे त्याच्या जवळजवळ निम्मी एका स्टेशनात! आणि बाहेर पडायच्या वाटा दोनशेवर.

यामानोते लाइनच्या गाडीतनं उतरलो. जिने, बोळ, दुकानं, परत जिने. वर आलो, मोजले. पाच.

'अहो?'

हे नाहीत.

मुलगा ताबडतोब फोनवर. 'बाबा कुठे आहात?' एक टिक. 'बाबा जागेवरच थांबा.' एक टिक. 'बाबा!!!' एक टिक. मी म्हटलं, 'बाबू, दुसरी टिक यायला ते माझ्या पंधरा मीटरमध्ये लागतात. पंधरा मीटरमध्ये असते तर मी हाकच नसती मारली?'

सूनबाई म्हणाली, दोनशे वाटा आहेत, तिघांत वाटून घेऊ. वन्सं रडायच्या बेतात, 'दादा लहानपणी जत्रेत पण असाच...' नातू म्हणाला, 'आजी, डबी उंच धर!'

(डबी उंच धरल्याचा अभिनय. मग सावकाश हात खाली.)

आणि मला सुचलं. पस्तीस वर्षं संसार केलाय, नकाशा लागतोय का? गार्ड माणूस. गार्ड कुठं सापडणार?

शेवटच्या डब्याशी!

उलटे गेलो. जिने, दुकानं, बोळ. त्याच फलाटावर, अगदी टोकाला, पिवळ्या रेषेच्या मागं हे उभे. एकटे नाहीत! अकरा डब्यांची गाडी लागलेली. शेवटच्या खिडकीतून जपानी गार्ड बाहेर वाकलेला. पांढरे हातमोजे, कडक टोपी. तो बोट लांब करून फलाटाकडं बघत खणखणीत म्हणाला, 'योशी!' म्हणजे ठीक आहे. तिथं रेल्वेवाले असंच करतात, सिग्नल असो, दार असो, घड्याळ असो, बोट दाखवायचं आणि तोंडानं म्हणायचं, म्हणजे हातून चूक होत नाही.

आणि मागं आमचे हे. हाताचं बोट ताठ. 'योशी!'

गाडी गेली. तीन-चार मिनिटांत दुसरी. नवा गार्ड. बोट. 'योशी!' हे मागं, 'योशी!' शेजारी स्टेशनचा एक कर्मचारी उभा. तो ह्यांना वाकून नमस्कार करतोय, हे त्याला करतायत, तो परत. कुणी आधी थांबायचं तेच ठरेना.

मी म्हटलं, 'अहो! अख्खं घर तुम्हाला शोधतंय!'

हे म्हणाले, 'शोधायचं काय? मी हललोच नाही. हलला तुम्ही.' मग माझ्याकडं वळून, एकदम हळवे होऊन, 'अगं, 2017 साली इथली एक गाडी वीस सेकंद आधी सुटली, तर कंपनीनं जाहीर माफी मागितली. वीस सेकंद! आणि आपल्याकडं मी दोन घंटा मारायचो, टण् टण्, तरी दारात लटकलेले माझ्याकडं बघून हसायचे.' खिशातला फोन त्यांनी बघितला पण नव्हता.

(थोडं थांबून) पोरं गप्पच झाली. मुलगा म्हणाला, 'बाबा, अजून एक गाडी थांबू या.' थांबलो. सहा जणांनी मिळून, 'योशी!' त्या गार्डाची टोपी हलली बघा.

मग परतीचा दिवस. नरिता. तांबडी पोस्टाची पेटी. मी पाकीट उघडलं आणि हे पुढं झाले.

'स्विच बंद!' बोट. 'योशी!' 'डबी! योशी! केबल! योशी! चार्जर! योशी! पाकीट चिकटवलं! योशी!'

लोक थांबून बघायला लागले. मी पाकीट आत सोडलं. टप्प.

दुसऱ्या क्षणी मुलगा ओरडला, 'आई!! बोर्डिंग पास मेलमध्ये होते! उघडले नव्हते!'

मी म्हटलं, 'विमानतळाचं फुकट वायफाय आहे, लाग त्याच्या मागं.'

हे शांतपणे जाकिटाच्या आतल्या खिशात हात घालून, 'हॉटेलच्या काउंटरवर छापून घेतलेत. सगळ्यांचे. दोन-दोन प्रती.' आणि एकेकाच्या हातात देताना बोट, 'मुलगा, योशी! सून, योशी! नातू, योशी! बहीण, योशी!' माझ्यापाशी आले, बोट वर केलं आणि म्हणाले, 'तुझं काय बघायचं, तू कुठं जातेस?'

(पर्सचा पट्टा डोक्यावरून काढतात. पर्स बोटावर गरगर फिरवतात.)

'मी? मी ड्यूटी फ्रीला चाललेय. माझ्याकडं आता काही नाही. कुणीही मागं यायचं नाही!'

(झपझप विंगेत जातात. आतून पुरुषी आवाजात: 'टण् टण्!' पडदा.)