क्लॉजकाका

आमच्या सोसायटीत नळ गळत असेल, तर सेक्रेटरी क्लॉजकाकांना ते केव्हा सांगायचं याचं एक शास्त्र आहे. दुपारी बाराच्या आत सांगितलंत, तर काका बरोबर एक वाजता वही घेऊन दारात हजर. बारानंतर सांगितलंत, तर त्या दिवशी ते जागचे हलणार नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, तुम्ही साखरझोपेत असताना, बेल वाजणार. "नोटीस बारानंतर दिलीत ना? मग वेळ सहापासून सुरू."

हा नियम काकांच्या डोक्यातून निघालेला नाही. जेन्कॉन नावाचा जहाजभाड्याचा छापील करार आहे, त्यात तो आहे. जगभरच्या बोटी त्यावर माल चढवत-उतरवत आल्या. आमचा नळ म्हणजे बोट नव्हे, हा मुद्दा काकांना आजवर कुणी पटवू शकलेलं नाही.

काकांनी छत्तीस वर्षं बॅलार्ड इस्टेटमधल्या एका शिपिंग ऑफिसात चार्टरिंगच्या टेबलावर काढली. कुठली बोट, कुठला माल, काय भाडं, किती दिवसांत रिकामी, हे टेलेक्सवर ठरवायचं. डोंबिवलीची सात बावन्नची फास्ट, व्हीटीपासून चालत ऑफिस. समुद्राशी त्यांचा संबंध असा कागदोपत्रीच. प्रत्यक्ष बोटीत बसले ते एकदाच, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला, आणि काकू सांगतात की तेव्हाही अर्ध्या वाटेत रुमाल तोंडाला लावून बसले होते.

पण भाषा मात्र अस्सल बंदरी. आपल्याकडे कामाला निघताना शिंक आली की माणूस दोन मिनिटं थांबतो. काकांच्या घरात 'शिंक' म्हणजे काम थांबणार नाही! रविवार आणि सुट्ट्यासुद्धा हिशेबात धरायच्या, याचं ते इंग्रजी आद्याक्षरी रूप. धरायच्या नसतील तर 'शेक्स'. घरी नवी पोळीवाली आली तेव्हा काकांनी पहिला प्रश्न विचारला, "रविवारचं काय? शिंक की शेक्स?" ती बाई घाबरून काकूंकडे बघायला लागली. काकू म्हणाल्या, "काही नाही गं, रविवारी येशील का विचारतायत."

काकूही आता तयार झाल्यात. पापड गच्चीवर नेण्याआधी त्या खालूनच ओरडतात, "अहो, आज वेदर वर्किंग डे आहे का?" म्हणजे ज्या दिवशी हवा काम करू देते तो दिवस. पावसात साखरेच्या बोटीची झाकणं बंद करतात आणि तो वेळ हिशेबात धरत नाहीत; उडदाच्या पापडांना वेगळा न्याय का? मात्र लग्नाला निघताना काकू "चला, मी तयार आहे" म्हणाल्या आणि पायात चपला नसल्या, तर काका घड्याळ बघून जाहीर करतात, "नोटीस ऑफ रेडिनेस इनव्हॅलिड! बोट प्रत्यक्षात तयार पाहिजे."

एकदा त्यांनी घराला रंग काढला. दहा दिवसांचं काम सोळा दिवसांवर गेलं. रंगारी गयावया करत म्हणाला, "साहेब, वरच्या सहा दिवसांत दोन दिवस पाऊस, एक रविवार, तेवढे तरी सोडा." काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "मुदतीच्या आत पाऊस पडला असता तर सोडला असता. आता नाही. वन्स ऑन डेमरेज, ऑलवेज ऑन डेमरेज." रंगाऱ्याला हा कुठलातरी मंत्र वाटला असावा, त्याने हात जोडले. मी मध्ये पडलो, "काका, गरिबाला कसला दंड करताय?" तर ते माझ्यावरच उखडले. "डेमरेज म्हणजे दंड नव्हे हो! उशिराची आधीच ठरलेली भरपाई." शेवटी पैसे कापले का? छे. उलट मुलांच्या वह्यांसाठी दोनशे रुपये वर दिले. पण वहीत 'सहा दिवस उशीर' असं लिहून त्याची सही घेतलीच. "पैसा सोडीन, वेळ सोडणार नाही," काका म्हणाले. "लागला तो लागला. कागदावर दिसलाच पाहिजे."

या सगळ्याच्या मुळाशी आहे बिम्को ही जहाजमालकांची संघटना. काकू तिला सवत म्हणतात. "मी सांगून ऐकायचे नाहीत. बिम्कोनं सांगितलंय म्हणा, लगेच करतील." बिम्कोची जन्मकथा ऐकल्याशिवाय काकांकडचा चहा संपत नाही. १९०५ साली कोपनहेगनला जहाजमालक जमले. बाल्टिक आणि श्वेत समुद्राकडचं लाकूड वाहणारी ही मंडळी एकमेकांचं भाडं पाडून पाडून सगळीच बुडायच्या बेतात आली होती. "आपल्या स्टेशनाबाहेर बघा," काका सांगतात. "एक रिक्षावाला म्हणतो तीस, दुसरा पंचवीस, तिसरा वीस. शेवटी तिघंही उपाशी. मग स्टँड करतात, रांग लावतात, भाडं ठरवतात. तेच केलं त्यांनी."

पुढे भाडं ठरवणं मागे पडलं आणि फॉर्म ठरवणं हा मुख्य धंदा झाला. जेन्कॉन १९२२ सालचा. १९७६ आणि १९९४ साली तो सुधारला. काकांची हयात या दोन आवृत्त्यांत गेली. २०२२ साली नवी आवृत्ती आली, तेव्हा निवृत्त काकांनी ती कुठूनतरी मिळवली आणि नव्या सुनेनं लावलेलं स्वयंपाकघर सासूनं तपासावं तशी रात्रभर तपासली. सकाळी म्हणाले, "बरं केलंय. पण डबे हलवलेत."

मी एकदा विचारलं, एका छापील कागदाचं एवढं काय? काका गंभीर झाले. "साखर ब्राझीलची, बोट पिरेअसच्या ग्रीकाची, माल घेणारा चितगावचा, दलाल लंडनचा आणि टेलेक्सवर मी. एकानेही दुसऱ्याचं तोंड पाहिलेलं नाही. विश्वास कुणावर ठेवायचा? पण फॉर्म सगळ्यांच्या ओळखीचा. तो करायला मालकही बसलेले असतात, बोट भाड्यानं घेणारेही आणि विम्याच्या क्लबवालेही. त्यांचं सगळं भांडण तिथेच होऊन जातं. आधी कागदावर भांडून घ्यावं, म्हणजे मग माणसाशी भांडावं लागत नाही."

हे तत्त्व त्यांनी सोसायटीच्या वार्षिक सभेतही आणलं. आमच्याकडे भाडेकरूंना सभेला बसू देत नसत. काकांनी लंडनच्या आयएमओचा दाखला दिला. संयुक्त राष्ट्रांची ही संस्था जहाजांचे नियम करते. मत फक्त सरकारांना. पण जहाजमालकांची आयसीएस, टँकरवाल्यांची इंटरटँको, कोळसा-धान्य वाहणाऱ्यांची इंटरकार्गो, शिवाय बिम्को, यांना मत नसलं तरी बोलायचा हक्क आहे. "कारण नियम सरकार करतं, पण समुद्रात बोट कशी डुलते ते यांना ठाऊक!" त्या वर्षी भाडेकरू तीन तास बोलले. मतदान चार मिनिटांत उरकलं. पण टाकी रोज का वाहते याचं कारण दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरणीनेच सांगितलं. मालक सगळे त्या वेळी ऑफिसात असायचे ना!

मी एकदा त्यांना डिवचलं. "काका, मालकांनी जमून दर ठरवायचे याला आमच्याकडे साटंलोटं म्हणतात." वाटलं, आता क्लॉज निघणार. काका गप्प झाले. मग म्हणाले, "खरंय. आपणच भोगलंय ते." १९१९ साली सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी सिंदिया कंपनी काढली. ५ एप्रिलला त्यांची 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाली. तो दिवस आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. पण समोर जम बसलेल्या ब्रिटिश कंपन्या होत्या, आणि त्यांनी भाडी पाडायला सुरुवात केली. १९२३ साली तह झाला, तो दहा वर्षं किनारी वाहतुकीपुरतं राहायचं या अटीवर. "संघटना म्हणजे छत्री. कुणाच्या डोक्यावर धरलीय ते बघायचं," काका म्हणाले. बॅलार्ड इस्टेटमध्ये सिंदिया हाउसवरून जाताना त्यांची चाल आजही जराशी मंदावते.

मुलीचं लग्न ठरलं तेव्हा सगळ्या बिल्डिंगला व्हॉट्सअ‍ॅप आला: 'फिक्स्ड ऑन सब्जेक्ट्स. सब्जेक्ट मुलीची पसंती, सब्जेक्ट हॉल.' सब्जेक्ट म्हणजे अट. आठवड्यानं दुसरा: 'सब्जेक्ट्स लिफ्टेड. पेढे सहा वाजता. शिंक.' पेढे रविवारी होते.

मग २०२० आलं. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचा मुलगा बोटीवर थर्ड इंजिनियर. करार संपला, पण कुठलंच बंदर उतरू देईना. जगभरात चार लाख खलाशी असेच अडकल्याचं आयएमओ सांगत होती. काका रोज रात्री त्याबद्दलच्या बातम्या वाचत बसायचे. एरवी एकमेकांच्या उरावर बसणाऱ्या मालकांच्या संघटना आणि खलाशांची युनियन तेव्हा एका सुरात सरकारांच्या मागे लागल्या होत्या. बोटीवरची माणसं सुरक्षितपणे कशी बदलायची याची कार्यपद्धती या मंडळींनी तयार केली आणि मे महिन्यात आयएमओनं ती सगळ्या देशांना पाठवली. काकांनी ती मराठीत उतरवली, शाईच्या पेनानं, मुद्देवार. मास्क लावून जिन्यात उभं राहून ते रोज एक मुद्दा वहिनींना वाचून दाखवत. वहिनींना त्यातलं काही कळत नसे. पण कुणीतरी कुठेतरी आपल्या पोरासाठी कलमं घालतंय, एवढं कळत असे आणि त्या रात्री झोप लागत असे.

सहा महिन्यांसाठी गेलेला पोरगा चौदाव्या महिन्यात आला. काका पहाटेपासून गेटवर वही घेऊन उभे. बोट बंदरात असताना मिनिटामिनिटाची नोंद ठेवतात, तिला स्टेटमेंट ऑफ फॅक्ट्स म्हणतात. ते पान नंतर मी पाहिलं.

'०६:१० टॅक्सी गेटवर. ०६:१२ बॅगा उतरवल्या. ०६:१३ आई खाली आली.'

पुढची नोंद थेट ०६:४०ची होती: 'सर्व वर गेले.' मधल्या सत्तावीस मिनिटांसमोर, रंगाऱ्याला पावसाचा एक तास न सोडणाऱ्या माणसानं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'टाइम नॉट टु काउंट.'