निःशब्द सोसायटी

आमच्या सोसायटीत अखेर शांतता नांदू लागली. व्हॉट्सअ‍ॅपने २०१८ साली दिलेली ‘फक्त अ‍ॅडमिनच संदेश पाठवू शकतात’ ही सोय सेक्रेटरींनी परवा रात्री सुरू केली आणि टँकरच्या हिशेबावरून तीन आठवडे पेटलेला वाद एका बोटाने विझला. हिशेब विचारणारेच उरले नाहीत, तर द्यायचा कुणाला?

ग्रुपमधल्या सभासदाच्या आक्षेपार्ह मजकुराला केवळ अ‍ॅडमिन म्हणून कुणी जबाबदार ठरत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्येच म्हटले आहे. पण आमचे सेक्रेटरी जबाबदारी झटकणाऱ्यांतले नव्हेत. मजकूरच नको, मग आक्षेप कशावर?

हीच पद्धत आता वार्षिक सर्वसाधारण सभेलाही लावावी, असे मी सुचवणार होतो. माइक एक, सेक्रेटरी एक. सभासदांनी बसल्या जागी अंगठा वर करावा. सुचवायचे कुठे, एवढाच तांत्रिक प्रश्न राहिला.

काल दुपारी सेक्रेटरी स्वतः लिफ्टमध्ये अडकले. ‘तिसऱ्या-चौथ्या मजल्यामध्ये आहे. कुणी आहे का?’ हा त्यांचा संदेश तत्काळ सर्वांपर्यंत पोहोचला.

संध्याकाळपर्यंत त्याला एकेचाळीस अंगठे मिळाले होते.