तापमानाचा काटा

दुरुस्तीनंतरही इंजिन तापतच राहिले, तर थर्मोस्टॅट काढून फेकण्याच्या गॅरेजी शास्त्राचा गौरव व्हायलाच हवा. साधारण 82 ते 90 अंशांना उघडणारी ही झडप जागेवरच नसेल, तर अडकणार कशी? रेडिएटर बदलला, वॉटर पंप बदलला, पंख्याची मोटर बदलली. उरलेला संशयित हाच. कूलंटमध्ये बुडबुडे येतात, म्हणजे हेड गॅस्केट गेले असेल, असा आक्षेप काही शंकेखोर घेतात. पण बुडबुडे तर चहालाही येतात. शिवाय हेड उघडणे म्हणजे आधीच्या तीन बिलांचा अपमान. एवढे करूनही काटा लाल रेषेवर चढलाच, तर तर्काची पुढची पायरी सोपी आहे: काट्याची वायर काढावी. त्यानंतर गाडी तापल्याचे कधीही दिसत नाही. टोचनवाल्याचा नंबर बिलाच्या मागेच छापलेला असतो.