जाड्या अक्षराचा वापरविधी

ज्यांना ओरडायचं आहे, पण वाईट दिसायचं नाही, त्यांच्यासाठी मुंबईच्या ‘एक टाइप’ने ‘बलू’ हा फॉन्ट करून ठेवला आहे. रेषा जाड, टोकं गोल, स्वभाव मनमिळाऊ. फुकट मिळतो म्हणून त्याच्याकडे संशयाने पाहू नये. नाव किपलिंगच्या अस्वलाचं. आणि किपलिंग १८६५ साली मुंबईतच जन्मला, तेव्हा अस्वल स्थानिकच धरावं.

आधी मजकूर तपासावा. त्यात ‘वाढदिवस’, ‘भव्य’ किंवा ‘गरमागरम’ असेल तर बेलाशक पुढे जावं. ‘थकबाकी’ किंवा ‘जप्ती’ असेल तर थांबावं, कारण गोल टोकांना दरडावता येत नाही. ‘थकबाकीदारांचे पाणी तोडण्यात येईल’ ही सोसायटीची नोटीस बलूत लावली, तर सभासद त्या समारंभाला नवे कपडे घालून येतील. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’वर हा प्रयोग घरच्यांनी परवानगी दिली तरी करू नये.

आता जाडीविषयी. देवनागरीत जाड होणं अवघड असतं. वर शिरोरेषा, तिच्या डोक्यावर मात्रा नि रफार, पायाशी उकार, आणि मधल्या चिंचोळ्या जागेत ‘ष्ट्य’सारखं अख्खं कुटुंब. सगळ्या रेषा सारख्याच जाड ठेवल्या तर अक्षराच्या पोटातला उजेडच जातो. म्हणून गर्दीच्या जागी आतल्या रेषा गुपचूप बारीक कराव्या लागतात. फोटोपुरतं पोट आत घ्यावं तसं. एवढं करूनही दहा पॉइंटात ‘द्ध’ हा डागच दिसतो. बारीक मजकुराला ‘बलू २’ घ्यावा: त्यात रेग्युलर ते एक्स्ट्राबोल्ड अशा पाच जाड्या आहेत. फ्लेक्सच्या दुकानात रेग्युलर मागणारं गिऱ्हाईक अजून जन्माला यायचं आहे, ही गोष्ट वेगळी.

फ्लेक्सशी बलूचं जुळतं ते उगाच नाही. इतर लिप्यांतल्या त्याच्या भावंडांची नावं पाहा: बंगालीत बलू दा, गुजरातीत बलू भाई, तमिळमध्ये बलू तंबी, मल्याळममध्ये बलू चेट्टन, गुरुमुखीत बलू पाजी. आपल्या चौकातल्या फ्लेक्सवर तरी दादा, भाई आणि भाऊंखेरीज असतं कोण?

ओळींत अंतर सोडावं, नाहीतर वरचा उकार खालच्या वेलांटीत पाय अडकवतो. डीटीपीवाला ‘जागा नाही’ म्हणेल. शुभेच्छुकांचे फोटो लहान करायला सांगावं. तो ऐकणार नाही, कारण पैसे शुभेच्छुकांनीच दिलेले असतात.

आणि कोरलमध्ये अक्षर आडवं ताणू देऊ नये. उभे दंड फुगतात, शिरोरेषा मात्र होती तेवढीच राहते, आणि गोलाईची अंडी होतात. नाव आखूड पडून जागा उरतच असेल, तर मागे ‘युवा हृदयसम्राट’ जोडावं. फ्लेक्स आपोआप भरतो.