डायरेक्टर

कोल्हापुरात पेठ तिथं तालीम, तालीम तिथं कट्टा आणि कट्ट्यावर एक डायरेक्टर, हे ठरलेलं. त्याला आईबापांनी ठेवलेलं एक नाव असतं, पण ते फक्त रेशनकार्डावर आणि पतसंस्थेच्या थकबाकीच्या नोटिशीत. एरवी वस्तादापासून दूधवाल्यापर्यंत सगळे त्याला 'डायरेक्टर' म्हणतात. ओळखायला अगदी सोपा. टोपी उलटी, खांद्याला पिशवी, पिशवीत प्लॅस्टिकच्या फायलीत स्क्रिप्ट. तो बोलताना तुमच्याकडं बघत नाही, तुमची फ्रेम बघतो. तुम्ही बापडे गुडघेदुखीचं सांगत असता आणि हा मधेच ओरडतो, "मर्दा, तसाच थांब! जरा डावीकडं वळ. सरपंच! आमच्या पिक्चरचा सरपंच घावला!" गुडघा राहतो बाजूला. संध्याकाळपर्यंत तुम्ही घरात फेटा शोधत असता.

"काय चाललंय?" असं त्याला चुकूनही विचारू नये. "पिक्चर काढालोय," हे उत्तर तो गेली कित्येक वर्षं त्याच उत्साहानं देतोय. नावात 'रक्त', 'माती' किंवा 'वाघ' यांपैकी एक शब्द पाहिजेच. तिन्ही बसले तर पिक्चर ऐतिहासिक. अंबाबाईला नारळ फोडून मुहूर्त होतो, पेपरात चौकट येते, फोटोत नगरसेवक क्लॅप धरून उभा असतो. पुढचं सगळं निर्मात्यावर.

निर्माता म्हणजे ज्याचा ऊस गेलाय आणि कारखान्याचं बिल जमा झालंय असा गृहस्थ. पहिल्या हप्त्यात पूर्वार्ध निघतो. दुसरा हप्ता थकला की उत्तरार्धही थकतो. निर्मात्याची अट एकच असते: हिरो आपला भाचा. भाचा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फर्स्ट शिफ्टला असतो, त्यामुळं आमच्या पिक्चरमधला नायक अन्यायाविरुद्ध लढतो तो कायम संध्याकाळीच.

शूटिंग एकदा तरी बघावं. ट्रॉली उद्यमनगरात वेल्डिंग मारून आणलेली, खाली जुन्या बेअरिंगा, ढकलायला तालमीतले दोन पैलवान. त्यांनी जोर लावला की कॅमेरामन सीनच्या पलीकडं जाऊन थांबतो. रिफ्लेक्टर म्हणजे गणपतीच्या देखाव्यातून उरलेला थर्माकोल, त्यावर चंदेरी कागद. पाऊस पाडायला उसावर औषध मारायचा पाठीवरचा पंप. घोडा वरातीचा, त्यामुळं बँड वाजल्याशिवाय तो पाऊल उचलत नाही. आणि रक्त? रक्त तांबड्या रश्श्याचं. रंग अस्सल येतो आणि डोळ्यात गेला की रडायच्या सीनला ग्लिसरीन लागत नाही. पन्हाळ्यावर एकदा खलनायक छातीत वार घेऊन पडला. पडल्या पडल्या त्यानं मिशीवरचा थेंब जिभेनं टिपला, एक डोळा उघडला आणि म्हणाला, "डायरेक्टर, अजून एक टेक घेऊया काय?" पण डायरेक्टर दुसरा टेक घेत नाही. झाला तोच टेक 'जगात भारी'. मावळ्याच्या मनगटावर घड्याळ दिसतंय, असं कुणी दाखवलं तर तो शांतपणे म्हणतो, "प्रेक्षक गोष्टीत गुंतला असंल तर घड्याळ कशाला बघंल? आणि घड्याळच बघाय लागला, तर आपला पिक्चर तसाही पडलाच की."

अशा माणसाला कुणीतरी 'एड वूड' दाखवला. टिम बर्टननं १९९४ साली काढलेला, कृष्णधवल, जॉनी डेपचा. हॉलिवूडमधल्या ज्या दिग्दर्शकाला मरणोत्तर 'सर्वांत वाईट' म्हणून पुरस्कार मिळाला, त्याची ही गोष्ट. डायरेक्टर पुढं सरकून बसला. पडद्यावर धिप्पाड नट दाराला धडकतो, अख्खा सेट हलतो आणि वूड म्हणतो, ठीक आहे, पुढं चला! "ह्यो माणूस शिवाजी पेठेतला हाय!" डायरेक्टर ओरडला. वूडचा मोठा नट बेला लुगोसी मधेच वारतो, तेव्हा तो बायकोच्या ओळखीच्या मणके बसवणाऱ्या डॉक्टरला उभा करतो, तोंडावर झगा धरून. "आमच्या तर तालमीतच हाडवैद्य हाय!" पैशासाठी वूडची अख्खी कंपनी चर्चमध्ये जाऊन बाप्तिस्मा घेते, हे बघून तर तो गहिवरला. त्यानंही मागच्या पिक्चरच्या कर्जासाठी सगळ्या युनिटला पतसंस्थेचं सभासद करून घेतलं होतं.

वूडचा 'प्लॅन नाइन' हा पिक्चर साधारण साठ हजार डॉलरात झाला असं म्हणतात. त्याच्यावरच्या पिक्चरला मात्र एक कोटी ऐंशी लाख लागले. म्हणजे डुगडुगणारा सेट आपोआप डुगडुगतो तेव्हा स्वस्त पडतो, मुद्दाम डुगडुगवायचा तर महाग. मार्टिन लँडाऊला लुगोसीच्या कामासाठी ऑस्कर मिळालं, पण थिएटरात पिक्चरनं खर्चही काढला नाही. हे ऐकून डायरेक्टरनं कानाच्या पाळीला हात लावला. "मेल्यावर पण पिक्चर पडला. ह्याला म्हणायचं सातत्य."

हसायला ठीक आहे. पण हे खूळ कोल्हापुरात आणलं कुणी, याचं उत्तर खरी कॉर्नरला कॅमेऱ्याच्या स्तंभाच्या रूपानं उभं आहे. बाबूराव पेंटर, मूळचे मिस्त्री, नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारे. १९१३ साली फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला, तसं बाबूराव आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव यांच्या डोक्यात पिक्चर शिरला. विलायती कॅमेरा परवडणारा नव्हता, म्हणून प्रोजेक्टर खोलून, सुटे भाग कातून कॅमेरा घरीच करायला घेतला. १९१६ साली आनंदराव वारले. बाबूरावांनी सहकारी दामल्यांना हाताशी धरून काम तडीला नेलं. भांडवल गायिका तानीबाई कागलकरांनी दिलं. महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली, १९२० साली 'सैरंध्री' लागला आणि लोकमान्यांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटलं. १९२५ च्या 'सावकारी पाश'मध्ये शेतकरी झालेला शांताराम नावाचा पोरगा, दामले, फत्तेलाल ही सगळी याच कंपनीतली. त्यांनीच १९२९ साली कोल्हापुरात 'प्रभात' काढली.

आता विचार करा. तो घरगुती कॅमेरा चालायच्या आदल्या दिवशी पेठेतले लोक बाबूरावांबद्दल काय म्हणत असतील? "चांगला पडदे रंगवत होता, खुळा झाला." आमच्या डायरेक्टरबद्दल म्हणतात तेच. रीळ धुऊन हातात येईपर्यंत खूळ आणि प्रतिभा यांचा चेहरा सारखाच दिसतो. फरक नंतर कळतो. बाबूराव प्रत्येक सीन आधी कागदावर काढायचे. डायरेक्टर सीन कुठला ते जागेवर आल्यावर ठरवतो, तेही घोडा कुठं उभा राहील त्यावर.

घरच्या आघाडीवर मात्र परंपरा अखंड आहे. फाळक्यांच्या पिक्चरसाठी सरस्वतीबाईंचे दागिने गेले. त्यांनीच फिल्मला भोकं पाडली आणि युनिटला जेवूही घातलं. आमच्या वहिनी मावळ्यांचे अंगरखे शिवतात, अकरा जणांचा मटणाचा रस्सा करतात, त्यातला रक्तापुरता वेगळा काढतात. त्यांच्या पाटल्या बँकेत आहेत. "ह्यांचा पिक्चर आणि माझ्या पाटल्या एकदमच सुटतील," असं त्या म्हणतात, आणि आश्चर्य म्हणजे रागानं म्हणत नाहीत.

'एड वूड' बघितल्यापासून डायरेक्टरनं 'रक्त' आणि 'माती' दोन्ही बाजूला ठेवलंय. आता तो स्वतःवरच पिक्चर काढणार आहे. त्याचा हिशेब बिनतोड आहे. फाळक्यांवर परेश मोकाशींनी २००९ साली 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' काढला. स्वस्तातले स्टंटपट काढत 'अलबेला'पर्यंत पोचलेल्या भगवानदादांवर २०१६ साली 'एक अलबेला' आला. यंत्रमागावरच्या कामगाराला सुपरमॅन करणाऱ्या मालेगावच्या नासिर शेखवर रीमा कागती यांनी 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' केला. "आता राहिलं कोण?" असं विचारून तो आपल्याकडं बघतो.

"तुमचं काम कोण करणार?"

"दुसऱ्याला जमणार न्हाई. मीच."

"आणि डायरेक्शन?"

"ते पण मीच की."

"मग तुम्ही कॅमेऱ्यासमोर असताना 'कट' कोण म्हणणार?"

"कट कशाला म्हणाय पाहिजे? बॅटरी संपतीय की आपोआप."

तर मंडळी, हा डायरेक्टर कधी ना कधी तुमच्या दारात येणारच. आला तर वाडा द्या, म्हैस द्या, जमलं तर सरपंच व्हा. पैसे शक्यतो देऊ नका. दिलेत तर परत मागू नका. पण पिक्चर लागला की पहिल्या खेळाला तिकीट काढून जा. फुकट पास मागणारे गावात पैशाला पासरी आहेत. त्याला आजवर कमी पडलाय तो तिकीट काढणारा माणूस.